इंटरफेरॉन
व्हायरसाचा संसर्ग झालेल्या कोशिकेत तयार होणाऱ्या व शेजारच्या कोशिकांना व्हायरसरोधी बनविणाऱ्या प्रथिनांच्या गटास ‘इंटरफेरॉन’ म्हणतात. एका व्हायरसाच्या संसर्गामुळे दुसऱ्याच्या वाढीत अडथळा येतो हे पूर्वीच माहीत होते. कारण मात्र अज्ञात होते. लंडन येथे ॲलिक आयझॅक्स व जीन लिंडनमन यांनी १९५७ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या पटलाचे तुकडे उष्णतेने निष्क्रिय केलेल्या इन्फ्ल्यूएंझा व्हायरसाबरोबर द्रवात ठेवले. त्या द्रवात नंतर ठेवलेल्या ताज्या तुकड्यांवर जिवंत व्हायरस नीट वाढू शकला नाही. द्रवातील या अडथळा आणणाऱ्या पदार्थास त्यांनी हे नाव दिले. टोकिओत नागानो व कोजिमा यांनी १९५४ मध्येच अशा पदार्थाचे वर्णन केले होते. त्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

इंटरफेरॉन स्वतः व्हायरसाचा नाश करीत नाही. व्हायरसाचे आरएनए ओळखताच कोशिका ते तयार करून बाहेर सोडते. शेजारील कोशिकांच्या पृष्ठावरील ग्राहींशी त्याचा संयोग झाला की, त्या कोशिकांतील शेकडो जनुके कार्यान्वित होतात. परिणामी काही एंझाइमे आरएनएचे तुकडे करतात, तर काही प्रथिननिर्मितीच थोपवितात. प्रतिपिंडे तयार होण्यास अनेक दिवस लागतात. इंटरफेरॉन काही तासांतच निर्माण होते. या तत्परतेची किंमत शरीरालाच द्यावी लागते. कारण फ्ल्यूतील ताप व अंगदुखी काही अंशी इंटरफेरॉनमुळेच होतात. आल्फा व बीटा हे प्रकार मुख्यतः व्हायरसरोधी असून गॅमा प्रकार भक्षक कोशिकांना उत्तेजित करतो.

प्रारंभी हेलसिंकी येथे कारी कँटेल हे रक्तदात्यांच्या पांढऱ्या कोशिकांपासून इंटरफेरॉन मिळवीत. ते अल्प व अशुद्ध असे. तरीही कर्करोगावर रामबाण उपाय सापडल्याचा गाजावाजा झाला, तो अवास्तव होता. १९८० च्या सुमारास जनुक-अभियांत्रिकीने सूक्ष्मजंतूंकडून आल्फा इंटरफेरॉन बनविता आले व १९८६ मध्ये अमेरिकेत एका विरळ रक्तकर्करोगावर त्यास मान्यता मिळाली. ‘क’ प्रकारच्या यकृतशोथात त्याची अंतःक्षेपणे कित्येक महिने देत; रुग्णांना ताप व विषण्णता यांचा त्रास होई. २०११ नंतर आलेल्या तोंडाने घ्यावयाच्या औषधांनी ही पद्धत मागे टाकली.

इंटरफेरॉनाचे महत्त्व त्याच्या अभावात अधिक स्पष्ट होते. २०२० मध्ये कोविड-१९ च्या प्राणघातक न्यूमोनियाच्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनास निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली. सौम्य वा लक्षणरहित संसर्ग झालेल्या ६६३ व्यक्तींपैकी एकातही ती नव्हती. काहींच्या रक्तात ती संसर्गापूर्वीपासूनच होती.