बदल झाला, कुणाला कळवायचं?

एका मोटार विम्याची माहिती कंपनीत किती ठिकाणी राहते, हे बाहेरच्याला सांगून खरं वाटत नाही. ग्राहकाचा अर्ज एका टेबलमध्ये, हप्ते दुसऱ्यात, अपघाताचा दावा तिसऱ्यात, सर्व्हेअरचा अहवाल चौथ्यात. या साऱ्यांवरून रोज रात्री आणखी टेबलं तयार होतात आणि त्यांवर वरिष्ठांचे डॅशबोर्ड चालतात. मी पुण्यात अशाच एका विमा कंपनीत डेटा कॅटलॉगचं काम बघते. कॅटलॉगमध्ये खुद्द डेटा नसतो. कोणतं टेबल कुठे आहे, त्यातल्या कॉलमचा अर्थ काय, ते कुठून भरलं जातं, पुढे कोण वापरतं आणि त्याला जबाबदार कोण, याची ती नोंदवही. अशी सॉफ्टवेअर आता मोफतही मिळतात. अपाचे अ‍ॅटलस २०१५ पासूनचं. लिफ्ट या अमेरिकी टॅक्सीसेवा कंपनीने २०१९ मध्ये अ‍ॅमुंडसेन सर्वांसाठी खुलं केलं, लिंक्डइनने २०२० मध्ये डेटाहब, आणि पाठोपाठ २०२१ मध्ये ओपनमेटाडेटा आलं. आम्ही हे शेवटचं वापरतो.

नोंदवही कितीही नेटकी असो, ती रोज उघडून बघायला कुणालाच सवड नसते. म्हणून बदल झाला की संबंधिताला आपोआप कळवणारं नोटिफिकेशन हा मला कॅटलॉगचा प्राण वाटतो. सातबाऱ्यावर फेरफार धरताना तलाठी नोंदीची प्रत चावडीवर लावतो आणि ज्यांचा त्या जमिनीशी हितसंबंध आहे त्यांना लेखी कळवतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० मध्येच तशी तरतूद आहे. अख्ख्या तालुक्याला नोटिसा जात नाहीत. कॅटलॉगमध्येही सगळं कौशल्य ‘हितसंबंधित कोण’ हे ठरवण्यात आहे. बटणं दाबायला कुणीही अर्ध्या तासात शिकतं.

अलर्ट तयार करताना सॉफ्टवेअर आधी विचारतं, कशावर लक्ष ठेवायचं: टेबल, डॅशबोर्ड की डेटा वाहून नेणारी पाइपलाइन? मग गाळणी लावायची. अमुक विभागाचीच टेबलं, त्यातही कॉलम वाढला, गेला किंवा त्याचा प्रकार बदलला तरच कळव. शेवटी निरोप कुणाला आणि कुठे, हे सांगायचं. टेबलचा ओनर, ते ‘फॉलो’ करणारे, एखादी टीम किंवा नेमकी माणसं निवडता येतात. निरोप ईमेलवर जातो, नाहीतर स्लॅक, टीम्स, गूगल चॅट अशा ऑफिसच्या ग्रुपवर.

गाळणीपाशी मात्र थांबून विचार करायला हवा. कॅटलॉग अद्ययावत ठेवणारा एक बॉट असतो. तो ठरलेल्या वेळी सगळे डेटाबेस चाळतो आणि वापराचे आकडे, नमुने, वर्णनं ताजी करतो. त्याने केलेली प्रत्येक बारीक नोंद ‘बदल’ धरली, तर सकाळी पेटीत निरोपांचा ढीग पडतो आणि दुसऱ्याच आठवड्यात लोक ते न वाचता पुसायला लागतात. म्हणून बॉटने केलेल्या किरकोळ नोंदी आम्ही गाळतो. पण बॉटला सरसकट वगळूनही चालत नाही, कारण कॉलम गायब झाल्याची बातमी आणणाराही तोच. शिवाय तो रात्री दोनला फेरी मारत असेल, तर दुपारी झालेला बदल आपल्याला दुसऱ्या दिवशीच कळणार. दाव्यांच्या टेबलांसाठी आम्ही त्याच्या फेऱ्या म्हणूनच वाढवून घेतल्या.

फार सूचना या सूचनाच नसण्याइतक्या घातक असतात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २०१३ मध्ये यंत्रांच्या अलार्मबद्दल इशारा दिला होता. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात तिच्याकडे अलार्मशी निगडित ९८ घटना नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांतले ८० रुग्ण दगावले होते. सतत वाजणाऱ्या अलार्मला सरावलेले, थकलेले कान हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. आमच्या टेबलांवर कुणाचा श्वास अवलंबून नाही, पण अपघातात गाडी गमावलेल्या माणसाचे पैसे अवलंबून असतात.

काही बदल तर कॅटलॉगला दिसतच नाहीत. आमच्याकडे एकदा दाव्याची रक्कम रुपयांऐवजी पैशांत येऊ लागली. ती पाठवणाऱ्या बाहेरच्या कंपनीने आपल्या प्रणालीत बदल केला होता आणि कुणाला कळवलं नव्हतं. कॉलमचं नाव तेच, प्रकारही तोच. अलर्ट वाजण्याचं कारणच नव्हतं. सकाळी हिशेब विभागातून फोन आला, “मॅडम, एका रात्रीत दावे शंभरपट कसे झाले?” अशा वेळी कामाला येते ती डेटाच्या गुणवत्तेची चाचणी. दाव्याची सरासरी ठरलेल्या मर्यादेत आहे का? जितक्या ओळी निघाल्या तितक्याच पोचल्या का? चाचणी नापास झाली की तिचा वेगळा अलर्ट जातो. ओळी मोजण्याचं महत्त्व इंग्लंडने २०२० मध्ये अनुभवलं. तिथे कोविडचे अहवाल एक्सेलच्या जुन्या धाटणीच्या फाइलमधून जात होते आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. १५,८४१ बाधित रोजच्या मोजणीतून गळले आणि त्यांच्या संपर्कातल्यांचा शोध लांबला.

वैयक्तिक माहितीसाठी आम्ही आणखी एक अलर्ट ठेवला आहे. एखाद्या टेबलमध्ये मोबाइल किंवा पॅन क्रमांकाचा कॉलम आला आणि त्यावर ‘संवेदनशील’ असा टॅग लागला, की निरोप थेट गोपनीयता सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ही तरतूद विभागप्रमुखांना पटवावी लागली नाही.

हे सगळं टिकतं ते ओनरच्या रकान्यावर. तिथे नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव असेल, तर निरोप बंद पडलेल्या पेटीत जातो आणि इथे सगळे समजतात की कळवलं गेलं. म्हणून ओनर शक्यतो टीम असावी, असा माझा आग्रह आहे. राजीनामा देणाऱ्याच्या नावावरची टेबलं त्याने ओळखपत्र परत करण्याआधी दुसऱ्याकडे सोपवावीत, हेही मी मनुष्यबळ विभागाकडून मान्य करून घेतलं. मोटार दाव्यांची टेबलं आता टीमच्या नावावर आहेत. एजंटांच्या कमिशनची अजून एकाच माणसाच्या नावावर आहेत आणि तो पुढच्या महिन्यात बंगळूरला बदलून जातोय. तेवढ्यात ती नावं बदलून घ्यायची आहेत.