चहूदिशांचा ध्वनी आणि आपले दोन कान

झाशीच्या किल्ल्यात ‘कडक बिजली’ नावाची तोफ आजही पाहावयास मिळते. हे नाव तिच्या रूपावरून नव्हे, आवाजावरून पडले असावे, हे नावच सांगते. त्यात नवलही नाही. रणांगणावर डोळा समोरचे तेवढे पाहतो. पाठीमागून येणाऱ्या संकटाची वर्दी आधी कान देतात.

आजची तरुण मुले संगणकाच्या पडद्यावर जी युद्धे खेळतात, त्यांतही हाच नियम आहे. पडद्यावर दिसते ते समोरचे. शत्रूची पावले मात्र मागच्या जिन्यावर वाजत असतात. ती कोणत्या बाजूस वाजली हे ज्याला कळले, तो तरला. म्हणून झाशीच्या सदर बाजारातील एखाद्या घरातला मुलगा ‘सराउंड साउंड’ची, म्हणजे भोवतालच्या ध्वनीची, सामग्री मागू लागला, तर ती निव्वळ चैन आहे असे म्हणून त्याला वाटेस लावू नये. तथापि खोक्यावर छापलेले ५.१ किंवा ७.१ हे आकडे पाहून पैसे मोजणेही शहाणपणाचे नव्हे. आपले कान दिशा कशी ओळखतात हे आधी समजून घेतले, तर निवड पुष्कळ सोपी होते.

श्रोतेहो, कान दोनच असतात. परंतु त्यांच्या मध्ये डोके असते, ही मोठी उपयोगाची गोष्ट आहे. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो आणि डाव्या कानाला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या सुमारे १५०० व्या भागाइतका असतो. शिवाय डोक्याच्या आडोशामुळे, विशेषतः उंच पट्टीचा आवाज, डाव्या कानी क्षीण होऊन जातो. काळाचा आणि जोराचा हा फरक मेंदू टिपतो आणि दिशा ठरवितो. इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली ही उपपत्ती मांडली.

मग अगदी समोरचा आणि अगदी पाठीमागचा आवाज वेगळा कसा कळतो? त्या वेळी दोन्ही कानांत काहीच अंतर पडत नाही. येथे कानाची पाळी आणि तिच्या वळ्या कामास येतात. समोरून येणाऱ्या ध्वनीला त्या एक रंग देतात, मागून येणाऱ्याला दुसरा. तरीही शंका राहिली, तर आपण नकळत मान वळवितो आणि खात्री करून घेतो.

या ज्ञानाचा यंत्रात उपयोग करण्याची दिशा ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने दाखविली. दोन स्वतंत्र वाहिन्यांतून ध्वनी देण्याच्या पद्धतीच्या एकस्वासाठी त्याने १९३१ साली अर्ज केला. पुढे चित्रपटगृहांत पाच दिशांचे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक वेगळा, अशी मांडणी रूढ झाली. त्यालाच ५.१ म्हणतात. ७.१ मध्ये बाजूचे दोन आणि मागचे दोन वेगळे असतात.

ही मांडणी खरी खुलते ती प्रशस्त जागेत. ५.१ मध्ये समोरचे दोन स्पीकर मध्यापासून ३० अंशांवर, तर भोवतालचे दोन सुमारे ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे असावे लागतात, आणि ऐकणाऱ्याने मध्यभागी बसावे लागते. दहा बाय बाराच्या खोलीत मेज एका भिंतीला आणि पलंग दुसऱ्या भिंतीला टेकलेला असतो. तेथे मागचे स्पीकर कपाटावर चढतात आणि दिशा हरवते. शिवाय खर्जाच्या घुमाऱ्याला भिंत फारशी अडवीत नाही. तो शेजाऱ्याच्या घरीही पोहोचतो. ज्याच्याकडे मोकळी खोली आहे आणि जो चित्रपटही पाहणार आहे, त्याने ५.१ खुशाल घ्यावे. मात्र आपल्या संगणकाला तितक्या ध्वनीवाहिन्यांची सोय आहे ना, हे आधी पाहावे.

बाकीच्यांसाठी हेडफोन हाच उत्तम मार्ग होय. दोन कानांना दोन वाहिन्या पुरेशा असतात. डोके आणि पाळी ध्वनीवर जो संस्कार करतात, तो संगणक गणिताने आधीच करून देऊ शकतो. बहुतेक हेडफोनांवरील ‘७.१’ म्हणजे हेच गणित असते. आत सात स्पीकर नसतात. विंडोज प्रणालीत ‘विंडोज सोनिक’ ही अशीच सोय विनामूल्य आहे आणि कित्येक खेळांत ती मुळातच असते. म्हणून त्या आकड्यासाठी जादा पैसे देण्यापेक्षा साधा, स्पष्ट आवाजाचा हेडफोन घ्यावा. हा संस्कार मात्र एकदाच करावा. खेळात एक आणि विंडोजमध्ये दुसरा असे दोन्ही चालू ठेवले, तर ध्वनी गढूळ होतो. गणित सरासरी कानांचे असते, आपल्या कानांचे नव्हे. म्हणून परीक्षा स्वतः करावी. खेळात स्थिर उभे राहून डोळे मिटावे, मित्राला भोवती फिरावयास सांगावे आणि पावलांच्या दिशेने बोट दाखवावे. पुढचे-मागचे ओळखता आले, की निवड योग्य ठरली.

दिशा कळणे म्हणजे सर्व कळणे नव्हे, हेही ध्यानात असावे. दशरथाने शब्दवेधी बाण सोडला तेव्हा दिशा अचूकच होती. चुकली ती आवाजाची ओळख. पाऊल कोणाचे, दार कोणते, हे ओळखण्यासाठी आवाज स्वच्छ असावा लागतो. स्वच्छता आणि मोठेपणा या दोन गोष्टी मात्र एक नव्हेत.

येथेच खरा धोका आहे. झाशीचा उन्हाळा कडक. खोलीत कूलर घरघरत असतो, खाली बाजाराचा गलबला असतो. पावले ऐकू यावीत म्हणून मुलगा आवाज वाढवीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकण्यास हरकत नाही. परंतु दर ३ डेसिबलांच्या वाढीस ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलांवर ती जेमतेम ४ तास उरते. मुलांसाठी मर्यादा याहून कमी, ७५ डेसिबलांची आहे. कानाच्या आतील ज्या सूक्ष्म केसपेशी ध्वनी टिपतात, त्या मनुष्याच्या बाबतीत एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून गोंगाटाच्या घरात बाहेरचा आवाज अडविणारा, बंद पाठीचा हेडफोन घ्यावा. त्याच्या गाद्या कापडी असल्या तर घामाचा त्रास कमी होतो. खोली शांत असेल, तर उघड्या पाठीचा हेडफोन अधिक मोकळा वाटतो. तासाभराने तो उतरवून ठेवावा. खेळातील पावलांची चाहूल आज लागली नाही, तर डाव उद्या पुन्हा मांडता येतो. परंतु घरातल्या माणसांची हाक ऐकावयाची आहे ती याच दोन कानांनी, आणि तीही जन्मभर.