जुनी क्वाड बाईक घेताय? आधी पुढची चाकं ओढतात का ते बघा

घाटकोपर : नोकरी-धंदा घाटकोपरला आणि शेती जुन्नर, मुरबाड नाहीतर अलिबागला, अशी घरं इथे गल्लोगल्ली आहेत. बांधावरून खताची गोणी न्यायला, बागेत फवारणीचा पंप फिरवायला काहीजण जुनी क्वाड बाईक बघतात. रक्कम लाखांत जाते, म्हणून टोकन देण्याआधी हे वाचा.

चार चाकं म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह नव्हे. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या बऱ्याच लहान क्वाडची फक्त मागची चाकं ओढतात. सपाट वाळूत ते चालून जातं, भाताच्या चिखलात नाही. खाली वाकून बघा. इंजिनकडून पुढे जाणारा शाफ्ट आणि पुढचा डिफरन्शियल दिसला तरच पुढचं बोला.

बेल्ट की गिअर?
पोलारिस स्पोर्ट्समन ५७० बेल्टवर चालते. फोर-व्हीलचं बटण दाबलं की मागची चाकं घसरताच पुढची आपोआप ओढायला लागतात. चालवायला सोपी, पण जड ओझं घेऊन हाय रेंजमध्ये चढ चढवला की बेल्ट जळतो. होंडाच्या टीआरएक्स ४२० मध्ये बेल्ट नाही, गिअर आणि शाफ्ट आहे. हळू चालीच्या, ओझ्याच्या कामाला ती बरी. पण बाहेरून आयात झालेली असेल तर कस्टमची कागदपत्रं मागा आणि पार्ट कुठून येणार ते आधीच विचारा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोटारीचे जुने पार्ट मिळतात, क्वाडचे मिळतीलच या भरवशावर राहू नका.

अशी तपासा
- इंजिन थंड असतानाच जा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर थांबा, थंड झाल्यावर स्टार्ट करायला सांगा.
- ओल्या मातीत मागची चाकं अडकतील अशी उभी करा, फोर-व्हील लावा. पुढची चाकं ओढून बाहेर काढतात का बघा.
- अॅक्सलवरचं रबरी बूट फाटलंय का? आत चिखल गेला की जॉइंट संपलाच समजा.
- डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय.
- चाक वर उचलून हलवा. खडखड आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलाय.
- एअर फिल्टरच्या डब्यात आतल्या बाजूला धूळ असेल तर इंजिनने माती खाल्लीय.
- समुद्रावर फिरलेली असेल तर चॅसीचे वेल्डिंग आणि वायरचे जोड नीट बघा. खारं पाणी आतून खातं.

कागद महत्त्वाचा
मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. बऱ्याच क्वाडना आरसीच नसते. अशी गाडी स्वतःच्या कुंपणाच्या आतच. घरापासून शेतापर्यंत मध्ये गावचा रस्ता लागत असेल तर तोही रस्ताच! अपघात झाला तर विमा नाही, भरपाई खिशातून. स्पोर्ट्समन ५७० ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होणाऱ्या रूपातही भारतात आली होती. तशी मिळाली तर आरसी आणि चॅसी नंबर जुळवा. घाटकोपरची नोंदणी असेल तर ती एमएच-०३, म्हणजे वडाळा आरटीओकडे.

शेवटचा हिशोब
ठरलेल्या किमतीच्या वर टायर, बॅटरी, बेल्टसाठी दहा टक्के बाजूला ठेवा. नांगरट, रोटाव्हेटरही करायचा असेल तर तेवढ्या पैशात आरसीवाला जुना फोर-व्हील मिनी ट्रॅक्टर बघा. पार्ट तालुक्यात मिळतो, मेकॅनिकही. फक्त ओझं आणि फेरफटका असेल तर क्वाड ठीक.

आणि घेतलीच तर हेल्मेटशिवाय नको, एका सीटवर दोघं नको, पोरांच्या हातात चावी तर नकोच. उतारावर उलटली की तीनशे किलोच्या आसपासचं धूड अंगावर येतं.