मातीचा एक मीटर, फोमचा एक इंच

दिवसाला 100 युनिट. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेल्या, लाकडी सांगाड्याच्या आणि पोकळ भिंतींच्या घरातून जानेवारीत नुसत्या भिंतींवाटे एवढी उष्णता निघून जाते. हिशेब सोपा आहे. बाहेरच्या भिंती 100 चौरस मीटर, आत 20 अंश, बाहेर सरासरी उणे 9. अशा भिंतीचा उष्णतारोध जेमतेम 0.7 (एकक: चौरस मीटर-अंश प्रति वॉट). 29 अंशांच्या फरकाला 100 ने गुणून 0.7 ने भागलं की 4 किलोवॉटच्या वर आकडा येतो. आपल्याकडचे दोन गीझर रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखंच.

अशा घरमालकाला दोन उपाय हमखास सुचवले जातात. एक, बाहेरून नवं आवरण, म्हणजे सायडिंग, चढवायचं. दुसरा, भिंतीला टेकून मातीचा भराव घालायचा. 1973च्या तेलसंकटानंतर मातीत दडलेल्या घरांची तिथे मोठी हवा होती. मिनेसोटा विद्यापीठात तर भूमिगत बांधकामाचं खास केंद्र होतं.

सायडिंगचं आधी उरकू. व्हिनाइलच्या पट्ट्यांचा स्वतःचा रोध 0.1च्या आसपास. जुन्या आवरणावर त्या ठोकल्या तर 100 युनिटांचे 87 होतात. घर नवं दिसतं, एवढाच मोठा फायदा. पण त्याच पट्ट्यांखाली 5 सेंटिमीटर जाडीचे फोमचे तक्ते बसवले तर रोधात 1.76ची भर पडते आणि 87चे 27 होतात. पैसे खर्चायचे ते तक्त्यांवर. पट्ट्या त्यांना पावसापासून राखतात.

आता माती. ओलसर मातीचा एक मीटर जाड थर साधारण 0.8 रोध देतो. चांगल्या फोमचा एक इंच जवळपास तेवढाच! मग आपल्याकडे मराठवाड्यातली जाड मातीच्या भिंतींची, धाब्याची घरं उन्हाळ्यात गार कशी राहतात? कारण तिथे शत्रू वेगळा आहे. दुपारची उष्णतेची लाट मातीत शिरताना दर 12 सेंटिमीटरला 37 टक्क्यांवर येते. 60 सेंटिमीटरची भिंत ओलांडेपर्यंत तिचा एक टक्काही उरत नाही. आत पोचते ती दिवसरात्रीची सरासरी, आणि ती दुपारपेक्षा खूपच सुसह्य असते. मिनियापोलिसच्या जानेवारीत सरासरीच उणे 9 आहे. माती चढउतार बोथट करते, सरासरी बदलत नाही.

वर्षाची लाटही मातीत बोथट होते, पण तिला खोली लागते. ती दिवसाच्या लाटेच्या 365 पट लांब, म्हणून 365च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे 19 पट खोल शिरते. सव्वादोन मीटरवर मिनियापोलिसची जमीन ढोबळमानाने 2 ते 14 अंशांत राहते, तीही दोन महिने उशिराने. हा फायदा खराच आहे, पण जमिनीत मुळापासून बांधलेल्या काँक्रीटच्या घराला.

लाकडी घराला भराव घातला तर काय होतं? 2 मीटर उंच कोरडी माती भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे 1.2 टन रेटते. 40 मीटर घेराला 48 टन. हा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो; भराव निम्मा केला तर रेटा पावपट. पाणी साचलं तर दर मीटरला आणखी टनाच्या वर. घराच्या सांगाड्यातले लाकडी खांब उभा भार पेलायला घातलेले आहेत, आडवा धक्का सोसायला नव्हे. शिवाय ओल आहे. अमेरिकी बांधकाम नियम लाकूड जमिनीपासून किमान 6 इंच वर ठेवायला सांगतात, आणि इथे आपण ते मातीत पुरायला निघालो! जागेचंही बघा. शहराच्या जुन्या वस्त्यांतले प्लॉट बहुधा 40 फूट रुंद. 2 मीटरचा भराव नीट उतरता करायचा तर त्याचा पायथा 4 मीटर पसरतो, म्हणजे अर्धी टेकडी शेजाऱ्याच्या अंगणात.

माती उपयोगी पडते ती तळघराच्या भिंतीपाशी. सायडिंगचं काम निघालंच आहे तर पायाभोवती चर खणावा, भिंतीला फोम चिकटवावा आणि तो तिथल्या गोठणरेषेपर्यंत, म्हणजे हिवाळ्यात जमीन गोठते त्या खोलीपर्यंत, 42 इंच खाली न्यावा. मग तीच माती परत लोटायची, घरापासून बाहेर उतरती: पहिल्या 10 फुटांत 6 इंच.