अपुरे टाकलेले पुस्तक

हाती घेतलेले काम तडीस न्यावे, ही शिकवण लहानपणापासून कानांवर पडते. शेताच्या बाबतीत ती खरीही आहे. अर्धवट नांगरलेल्या शेतात पीक येत नाही. पुस्तकाची गोष्ट मात्र निराळी. अगदीच टाकाऊ पुस्तक मिटताना कोणी फारसा विचार करीत नाही. खरी अडचण असते मध्यम प्रतीच्या पुस्तकाची. ते धड रंगत नाही, धड कंटाळाही आणीत नाही. शंभर पाने वाचून झालेली असतात, दोनशे उरलेली असतात. आणि 'इतके वाचले, आता सोडायचे कसे?' असे वाचकाला वाटू लागते.

या वाटण्याची परीक्षा हॅल आर्क्स व कॅथरीन ब्लूमर या संशोधकांनी अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात केली. तिचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. संपूर्ण हंगामाचे तिकीट घेण्यास आलेल्या काहींना त्यांनी ते पूर्ण किमतीस, म्हणजे १५ डॉलरांना दिले. काहींना २, तर काहींना ७ डॉलरांची सूट दिली. सूट कोणास मिळावी, हे केवळ योगायोगावर सोपविले होते. नाटके सर्वांना तीच होती. तरीही हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण किंमत मोजणाऱ्यांनी अधिक नाटके पाहिली! वास्तविक, दिलेले पैसे नाटक पाहिल्याने परत येत नाहीत, आणि न पाहिल्यानेही येत नाहीत. उत्तरार्धात हा फरक ओसरला. खर्चाची टोचणी काळाने बोथट झाली असावी.

वाचलेल्या शंभर पानांचेही असेच आहे. त्यांत गेलेला वेळ गेलाच. हिशेब करावयाचा तो उरलेल्या दोनशे पानांचा. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या पाच सूत्रांपैकी एक वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीच आहे. ते ग्रंथपालांसाठी असले, तरी वाचकाने ध्यानी धरण्यास हरकत नाही.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. कठीण पुस्तक आणि सामान्य पुस्तक यांत भेद आहे. पुष्कळ पात्रांची कादंबरी प्रारंभी गोंधळविते. पन्नास-साठ पानांनंतर ती माणसे ओळखीची होतात. तेवढा धीर तिला दिलाच पाहिजे. मग एखादे प्रकरण संपताच पुस्तक दोन दिवस बाजूस ठेवावे. पुढे काय झाले असेल, हा प्रश्न जेवताना वा वाटेने जाताना एकदाही मनात आला नाही, तर ते ग्रंथालयात परत करावे. त्याच्यासाठी नाव नोंदवून कोणी दुसरा थांबलेला असतो, आणि त्याला कदाचित ते रात्रभर जागवील.