अजब बंगल्यात पोरांना नेताय? मग हे वाचून जा

हुडकेश्वर : सुट्टीत पोरांना नागपूर दाखवायचं म्हटलं की बहुतेकांची फेरी महाराजबाग आणि सीताबर्डीच्या बाजारातच संपते. तिथून जवळच, सिव्हिल लाइन्समध्ये, मध्यवर्ती संग्रहालय आहे. १८६३ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाला जुनी माणसं आजही 'अजब बंगला'च म्हणतात.

कधी आणि कसं जायचं?

सोमवारी संग्रहालय बंद असतं. सरकारी सुट्टी जवळ असेल तर आधी चौकशी करूनच निघा, नाहीतर भाडं फुकट जाईल. हुडकेश्वर, नरसाळा भागातून बसने किंवा ऑटोने सीताबर्डी गाठा. तिथून संग्रहालय जवळच आहे. सकाळी गेलात तर निवांत पाहता येतं.

काय पाहायचं?

आत दगडी मूर्ती, शिलालेख, जुनी नाणी, चित्रं, शस्त्रं, आदिवासी कला, पेंढा भरलेली जनावरं अशी वेगवेगळी दालनं आहेत. सगळं एका दमात पाहू नका, पोरं कंटाळतात. दोन-तीन दालनं ठरवा आणि वस्तूजवळची पाटी पोरांनाच वाचायला सांगा. वस्तू कोणत्या गावात सापडली, हे त्यातून कळतं.

यातल्या कितीतरी वस्तू जमिनीतूनच निघाल्या आहेत. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावात गुरं राखणाऱ्या दोन पोरांना मातीत धातूचा तुकडा दिसला. खोदल्यावर तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे निघाले. त्यातल्या काही नागपूरच्या संग्रहालयात आल्या, बऱ्याच लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या.

वावरात काही सापडलं तर?

नागरताना किंवा विहीर खोदताना नाणी, दागिने, मूर्ती सापडली तर ती भंगारात किंवा सोनाराकडे देऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कळवणाऱ्याचा हक्क कायद्याने राखलेला आहे. लपवणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नका, जागाही आणखी उकरू नका. कुठे आणि किती खोलवर सापडली, यावरूनच तिचा काळ ठरतो. तलाठ्याला सांगून अर्ज द्या आणि पोच घ्या.