शीर मिटते का?

'रिपोर्ट नॉर्मल आहे' हे तीन शब्द ऐकले की आपण निर्धास्त होतो आणि कागद कपाटात ठेवून देतो. मीही तेच केलं होतं. थोरल्या आपांच्या पायाचं प्लास्टर निघालं आणि चार दिवसांत पोटरी सुजून टणक झाली. शिरेत रक्ताची गुठळी असेल, म्हणून डॉक्टरांनी डॉपलर सोनोग्राफी सांगितली. घरात कुणी तरी 'गुठळी'ची 'गाठ' केली आणि रडारड सुरू झाली. मी शब्दांत रमणारा माणूस. एका शब्दाने घर कसं हादरतं, ते त्या दिवशी पाहिलं.

तपासणी साधी असते. जांघेपासून खाली शिरेवर यंत्राचा प्रोब दाबत न्यायचा. निरोगी शीर दाबली की मिटते. आत गुठळी असेल तर मिटत नाही. डॉपलरने रक्ताचा प्रवाहही दिसतो. पूर्वी शिरेत औषध टोचून एक्स-रे काढत. तो खात्रीचा, पण त्रासाचा. आता क्वचितच काढतात.

मग भरवसा किती ठेवायचा? मांडीत किंवा गुडघ्यामागे गुठळी असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ९५ जणांची सापडते. पोटरीतल्या शिरा बारीक आणि खोल. तिथली १०० पैकी ३०-४० जणांची निसटू शकते. ओटीपोटातल्या शिरा तर नीट दाबताच येत नाहीत. आणि तपासणारा हात किती सरावलेला, हेही आहेच.

पोटरीतली गुठळी बरेचदा तिथेच विरते. काही मात्र आठवडा-दोन आठवड्यांत मांडीपर्यंत वाढतात, आणि तिथून तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर जिवावर बेततं. म्हणून डॉक्टर एकट्या चित्रावर विसंबत नाहीत. कॅनडातल्या डॉ. फिलिप वेल्स यांनी १९९० च्या दशकात लक्षणांना गुण देण्याची पद्धत मांडली: अलीकडचं प्लास्टर, ऑपरेशन, कॅन्सर, दुसऱ्या पायापेक्षा ३ सेंटिमीटरहून जाड पोटरी. जोडीला रक्ताची डी-डायमर तपासणी. मुळात शंका कमी आणि ही तपासणीही निर्दोष, तर गुठळी बहुधा नाहीच. उलट ती वाढलेली आली म्हणून गुठळी आहेच, असं नाही. वयाने, गरोदरपणानेही ती वाढते. शंका दाट असूनही सोनोग्राफी स्वच्छ आली, तर आठवड्याने पुन्हा करतात.

आपांनाही तसंच सांगितलं होतं. पण सूज थोडी उतरली. ''कशाला उगाच पैसे घालवायचे?'' आपा म्हणाल्या, आणि मी मान डोलावली. भाचीने आम्हा दोघांचंही ऐकलं नाही. सातव्या दिवशी तिने आपांना रिक्षात बसवून नेलं. या वेळी गुडघ्यावरची शीर दाबली, ती मिटेना.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तीन महिने चालल्या. आपा आता बऱ्या आहेत. भाचीला रिक्षाचं भाडं मात्र त्यांनी अजून दिलेलं नाही.